अवलंबित व्यक्ती : निरंक

फोटोवाला म्हणाला, साहेब, तुमचा डावा कान जरा मोठा आहे. मी म्हटलं, असू दे. तो म्हणाला, पोस्टर वीस फुटांचं होणार, कान तीन फुटांचा होईल. मग त्याने कान कापला. माझ्यासमोर, स्क्रीनवर, दोन बोटांनी.

तिसऱ्या मजल्यावरचं दार साखळीइतकंच उघडलं. "आम्हाला काही घ्यायचं नाही." "मी काही विकायला आलो नाही." "मग कशाला आलात?"

फिनेलचा वास. ताईच्या एका हातात माझं पुस्तक, दुसऱ्या हातात चमचा. "कर्जाची मुदत वाढली की जोखीम वाढते की कमी होते? बाबा, आ करा. तू सांग रे, तुला विचारतेय."

नवे बूट. उजव्या टाचेला फोड.

निरोपाच्या दिवशी ऑफिसने मला कुंडी दिली. कुंडीत झाड नव्हतं. झाड मागून येणार होतं.

"निळ्या शाईने लिहा. काळी शाई झेरॉक्ससारखी दिसते."

निरंक.

हा शब्द त्या दिवसापर्यंत मी कधी लिहिला नव्हता. वाचलाही नसावा. उमेदवारी अर्ज भरायचा शेवटचा दिवस, तीनला खिडकी बंद, आणि भिंतीवरच्या घड्याळात तीनला सात मिनिटं कमी. टेबलापलीकडे एक कारकूनबाई, गळ्यात दोरीचा चष्मा, अंगठ्यावर रबराची टोपी. त्या टोपीने ती माझं प्रतिज्ञापत्र एकेक पान उलटत होती आणि प्रत्येक पानावर एवढं थांबत होती की मला वाटलं, ही आता पानाला नावं ठेवणार. चौथ्या पानावर तिने ठेवली. "हा रकाना रिकामा आहे." मी म्हटलं, तिथे काही नाही. "काही नाही, तर काही नाही असं लिहा." मी म्हटलं, आमच्याकडे रिकामी जागा म्हणजे शून्यच धरतात. "तुमच्याकडे म्हणजे कुठे?" मी कंपनीचं नाव सांगितलं. त्या नावावर मी बावीस वर्षं लिफ्टमध्ये लोकांना सरकायला लावलं होतं. बाईच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "इथे नाही धरत. रिकामं ठेवलं म्हणजे तुम्ही लपवताय. निरंक लिहिलं म्हणजे तुम्ही सांगताय. काय करायचंय ते लवकर करा, मागे माणसं आहेत." मागे एकच माणूस होता, समोरच्या पक्षाचा उमेदवार, लाद्यांचा व्यापारी, आणि तो इतका मोकळेपणाने जांभया देत होता की त्याच्या दाढा मला मान न वळवताही दिसत होत्या. रकाना सहावा. उमेदवारावर अवलंबून असलेल्या व्यक्तींची नावे व नाते. तो माझ्या हातून राहून गेलेला नव्हता. दोन दिवस मी तो रिकामा ठेवत होतो, दुखऱ्या दाताच्या बाजूने चावायचं टाळावं तसा. बावीस वर्षांच्या माझ्या एकाही कर-विवरणपत्रात अवलंबित म्हणून कुणाची नोंद नाही. आज नाव घातलं तर विसंगती दिसते, आणि विसंगती म्हणजे काय हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवत आलो होतो. शिवाय नाव घातलं की त्या व्यक्तीचा तपशील आला, खाली तिची सही आली. म्हणजे मला ताईच्या खोलीत जाऊन म्हणावं लागलं असतं, ताई, इथे सही कर, तू माझ्यावर अवलंबून आहेस. बारा-बारा संचालकांच्या तोंडावर, तुमची कंपनी वर्षभर टिकत नाही, हे वाक्य मी पाणीही न पिता बोललेलो आहे. हे वाक्य मला जुळवता येईना. तीनला पाच कमी. मी लिहिलं. निरंक. निळ्या शाईत, गोल अक्षरात. बाईने शिक्का मारला. "आता कसं छान दिसतंय."

रकाना तिसरा. व्यवसाय. तिथे मी लिहिलं होतं, पतमानांकन. पक्षाचा मामा म्हणाला, हे काय, मानेचा आजार वाटतो. खरं म्हणजे काम सोपं आहे. एखाद्या कंपनीला कर्ज द्यावं की नाही, ते अक्षरांत सांगायचं. सगळ्यात वर तीन ए, सगळ्यात खाली डी, मध्ये अधिक, वजा, आणि शेवटी एक ओळ: पुढचा अंदाज स्थिर, किंवा नकारात्मक. बावीस वर्षं हे केल्यावर माणूस माणसाकडे नुसता बघू शकत नाही. लग्नाला गेलो तरी मी जोडप्याला अक्षर देतो. कारकूनबाई: ए वजा, स्थिर. लाद्यांचा व्यापारी: बी, स्थिर, त्याच्यात बिघडायला काही नाही. माझे ऑफिसातले सहकारी: वरून ए, खरे सी. निरोपाच्या दिवशी त्यांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या, त्या थापांत कौतुक नव्हतं, एक खुर्ची मोकळी झाल्याचा हिशेब होता. आणि मला ते कळत होतं हे त्यांनाही कळत होतं, त्यामुळे थापा आणखी जोरात बसल्या. राजकारणात मी लोकांच्या कळवळ्याने आलो नाही. टीव्हीवर त्या माणसांना बोलताना ऐकून आलो. व्याजदर आणि महागाई यांतला फरक न कळणारी माणसं मंत्री म्हणून बसलेली बघून मी जेवताना ओरडायचो. बायको म्हणायची, मग तू जा ना, आमची जेवणं तरी शांतपणे होतील. ती दातांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांना गप्प बसवायची सवय.

मग मामा आला. पक्षाचा या भागातला कर्ताकरविता. सगळे त्याला मामा म्हणतात. बनवतो मात्र तो इतरांना. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधतो, म्हणजे तो वेळ बघतोय की नाडी, कळत नाही. "तुमच्यासारखी शिकलेली माणसं आली पाहिजेत साहेब." पुढे मला समजलं की हे वाक्य तो फक्त हरणाऱ्या जागेसाठी राखून ठेवतो. तीन निवडणुकांत पक्ष तिथे सपाटून आपटला होता, पक्षातलं कुणी उभं राहायला तयार नव्हतं, आणि एक टाय लावलेला माणूस पडला तर निदान फोटो चांगले येतात. मला त्याने पहिल्याच दिवशी बोलताना ऐकलं. मी म्हटलं, या भागातल्या अडतीस टक्के घरांत पाणी दोन तासांपेक्षा कमी येतं. टाळी नाही. मी म्हटलं, त्यातल्याही साठ टक्के घरांत. एक माणूस उठून गेला. दुसऱ्या दिवसापासून कार्यालयात माझं नाव टक्के. टक्केसाहेब आले, टक्केसाहेबांना चहा. मामा तोंडावर म्हणायचा नाही, पण फोनवर म्हणताना खिडकीकडे तोंड करायचा एवढीच काय ती लाज.

जिने. या भागातल्या इमारतींना जिने आहेत आणि प्रत्येक जिन्याला कोपऱ्यात कुणाची तरी बंद पडलेली सायकल आहे. रोज चाळीस जिने. दारं उघडायची, आणि दारात माणसं दिसायची, बनियनवर, केसांना रंग लावलेली, हातात रिमोट घेतलेली, आणि ती सगळी माझ्याकडे अशी बघायची की मी त्यांच्यावर काही सांडलंय. मी हात जोडायचो. मनात: सी. सी अधिक. सी. एका म्हाताऱ्याने मला दहा मिनिटं गुडघा दाखवला. एका बाईने विचारलं, तुम्ही निवडून आलात तर वरच्या मजल्यावरच्यांच्या कुत्र्याचं काय करणार? मी म्हटलं, पाणीपुरवठ्याचा आराखडा. ती म्हणाली, कुत्र्याचं बोला. ताई बरोबर असायची. तिला कुणी बोलावलेलं नव्हतं. पत्रकं पक्षाची माणसं अर्ध्यात दुमडतात हे बघून तिला राहवलं नाही. तिने सगळा गठ्ठा जेवणाच्या टेबलावर घेतला आणि तीन घड्या घालायला लागली, नखाने कड दाबत, अशा की पत्रक हातात घेतल्यावर आपोआप उघडावं. ती तरुणपणी नकाशांच्या कचेरीत होती. चार वर्षं शाईने नद्या गिरवल्या आणि नकाशे घडी केले. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा तिने नोकरी सोडली. का सोडलीस असं कुणी विचारलं तर सांगते, साहेबाच्या तोंडाला वास यायचा. बाबा अकरा वर्षं अंथरुणात होते. आता ती एकसष्ट वर्षांची आहे, आणि त्या बाईला म्हणाली, "कुत्रं भुंकतं की चावतं?" "भुंकतं." "रात्री की दुपारी?" "दुपारी. मी आडवी झाले की नेमकं." "मी बोलते वरती जाऊन." आणि गेली. बोलली. खाली येऊन म्हणाली, "दुपारी ते कुत्रं आतल्या खोलीत ठेवणार आहेत. त्या घरात पाच मतं आहेत, ह्या घरात तीन. तू काय मोजत होतास?" संध्याकाळी घरी आल्यावर म्हणाली, "तू बोलतोस तेव्हा लोक घड्याळ बघतात. मी मोजले. अकरा जण. टक्के तू काढ."

तिचं अक्षर मी कधी ठरवलं नव्हतं. ज्याचा कागद नाही त्याचं मानांकन होत नाही, हा धंद्याचा पहिला नियम. ताईचा कागद नव्हता. पगाराची पावती नाही, भाडेकरार नाही, कशावरही तिचं नाव नाही. ती होती, नळाला पाणी असतं तशी. आलं की कुणी बघत नाही.

मामाला ती दिसली. त्याला माणसांतलं उपयोगाचं तेवढं दिसतं. एका सकाळी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "टक्के— साहेब, तुमची गोष्ट काय?" मी म्हटलं, कसली गोष्ट? "प्रत्येकाची असते. कुणी लहानपणी पेपर टाकलेले असतात. कुणी रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केलेला असतो. तुम्ही काय केलंत?" मी म्हटलं, आमच्या घरात दिवा होता. आई लहानपणीच गेली, वडील आजारी होते, मोठ्या बहिणीने— "थांबा." मामाने हात वर केला, जणू माशी बसायची वाट बघतोय. "बहिणीने. बास. आता टक्के बंद." अशी माझी गोष्ट झाली. बहिणीने वाढवलेला उमेदवार. पहिल्यांदा सांगताना मला अंगावर दुसऱ्याचा शर्ट घातल्यासारखं वाटलं. दुसऱ्यांदा मी ‘नोकरी सोडली’ या शब्दांनंतर थांबलो. तिसऱ्यांदा त्याच जागी आवाज आपोआप फुटला, आणि चौथ्यांदा मी तो फुटायची वाट बघितली. बायका डोळे पुसायच्या. पुरुष नाक ओढायचे. ज्या माणसांना पाण्याचे अडतीस टक्के दोन मिनिटं ऐकवले नाहीत, ती माझ्या घरच्या बेडपॅनवर पंधरा मिनिटं टिकायची. मी त्यांच्याकडे वरून बघायचो आणि मला त्यांची शिसारी यायची, आणि त्या शिसारीने आवाज आणखी भिजायचा. सगळे डी. घरी ताई म्हणाली, "मी तुला पाखरासारखं भरवलं म्हणालास म्हणे?" मी म्हटलं, तसं बोलायची पद्धत आहे. "भरवायचे बाबांना. तू स्वतःच हादडायचास. आणि माझ्या वाटणीचंही." मग टेबलावरचा गठ्ठा पुढे ओढून पुन्हा घड्या घालायला लागली. चिडलेली नव्हती. तिला गंमत वाटत होती, आणि तिला गंमत वाटतेय याचाच मला राग आला.

बायकोने एका रात्री जेवण झाल्यावर विचारलं, "ते फॉर्ममधलं ताईंना सांगितलंस का?" फॉर्मवर तिनेही सही केली होती, पती-पत्नीचा तपशील म्हणून. कीड दिसली की तिला राहवत नाही. मी म्हटलं, त्यात सांगण्यासारखं काय आहे, तांत्रिक बाब आहे. "मग तांत्रिक बाब म्हणून सांग. बाहेरून कळायच्या आत." मी म्हटलं, फॉर्म कोण वाचतं? ती माझ्याकडे बघत राहिली. बावीस वर्षं मी तेच करत होतो. कुणी वाचत नाही ते वाचायचं. अहवालाच्या शेवटी, बारीक टाइपात, तळटिपेत, कंपनी जे दाबून ठेवते तिथेच नेमकं बोट ठेवायचं. असा एक माणूस नेहमी असतो हे जगात मला सोडून कुणाला माहीत असणार? तरी मी म्हटलं, उद्या सांगतो. उद्या चाळीस जिने होते. परवा मामाने सभा ठेवली होती.

दोन इमारतींच्या मधलं मोकळं आवार, संध्याकाळचे पाच, प्लास्टिकच्या पांढऱ्या खुर्च्या. एका खुर्चीचा पाय मोडलेला, तरी कुणीतरी तीच ओढून घेतो आणि मग उभा राहतो. मामाने ताईला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. "दिसल्या पाहिजेत." ती पर्स मांडीवर घेऊन बसली होती, डॉक्टरकडे नंबर लावून बसतात तशी. मी गोष्ट सांगितली. ‘नोकरी सोडली’ पाशी थांबलो. आवाज फुटला. माझा हात तिच्याकडे गेला, तळवा वर, दुकानदार माल दाखवतो तसा, आणि दीडशे माना वळल्या. ताई समोर बघत होती. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या बाजूने एक म्हातारा उठला. किडकिडीत, खिशाला तीन पेनं, हातात प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात घातलेले कागद. मी त्याला कधी बघितलं नव्हतं आणि त्याच क्षणी ओळखलं. "मी छापखान्यात प्रूफं तपासायचो. तीस वर्षं. एक शंका आहे." मामा म्हणाला, काका, शंका शेवटी घेऊ. "छोटीच आहे. पान चार." माइक किंचाळला. "उमेदवारांचं प्रतिज्ञापत्र कचेरीबाहेर लावतात, तिथून मी नक्कल आणली. दोन्ही उमेदवारांची आणली. त्यांच्यात अठरा चुका आहेत शुद्धलेखनाच्या, तुमच्यात एकही नाही, अभिनंदन. पण रकाना सहावा. उमेदवारावर अवलंबून असलेल्या व्यक्ती. पुढे तुम्ही लिहिलंय, निरंक. निरंक म्हणजे कुणी नाही. मग आत्ता ज्यांच्याबद्दल बोलत होता, त्या ह्या बाई कोण?" माझ्या मनाने त्याला तीन ए देऊन टाकले. त्याच्यात द्वेष नव्हता. त्याला फक्त दोन ओळी जुळत नव्हत्या. मी माइक धरला आणि म्हणालो, "तांत्रिकदृष्ट्या..." तो शब्द स्पीकरमधून दोन्ही इमारतींवर आपटून परत माझ्याकडे आला. तांत्रिकदृष्ट्या. कुणीतरी हसलं. मग चारपाच जण. मामा अर्धा उठला, मनगट उलटं करून बघितलं आणि पुन्हा बसला. त्याने मला त्या दोन सेकंदांत सोडून दिलं, हे मला स्वच्छ दिसलं. त्याच्या जागी मी असतो तर एका सेकंदात सोडलं असतं.

ताई उठली. माइक घेतला नाही. "बघू कागद." म्हाताऱ्याने रांगेतून पुढे दिला, हातोहात. तिचा चष्मा घरी होता. तिने कागद हात ताणून लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब नेला. नकाशात गाव शोधताना फिरवतात तसा तिचा अंगठा पान उतरत गेला आणि एका जागी थांबला. थांबूनच राहिला. तिचा चेहरा मला बाजूने दिसत होता. त्यावर काही आलं नाही. होतं ते गेलं. एवढंच झालं, आणि ते माझ्याशिवाय कुणाला दिसलं नाही. मग तिने त्या कागदाच्या तीन घड्या घातल्या, नखाने कड दाबली आणि म्हाताऱ्याकडे वळली. "बरोबर लिहिलंय. मीच सांगितलं होतं तसं लिहायला." आवाज नेहमीचा, जिन्यात बोलते तसा. "याच्यावर अवलंबून राहिले असते तर एवढी जाड झाले असते का?" पहिलं हसू मागच्या रांगेत फुटलं. "याला अजून स्वतःचे मोजे सापडत नाहीत. कोण कुणावर अवलंबून आहे ते याच्या बायकोला विचारा. रकाना उलटा छापलाय. तुम्ही तीस वर्षं प्रूफं तपासलीत ना? मग करा दुरुस्त." आवार हसत सुटलं. म्हातारा स्वतः हसला, हात जोडले, म्हणाला, "मान्य. चूक छापखान्याची." टाळ्या, शिट्ट्या. मोडक्या खुर्चीवरचा माणूस पुन्हा बसायला गेला आणि पडला, त्यावर आणखी हसू. मी पण हसलो. वीस फुटांच्या पोस्टरवर हसतो तसा. मामा कानाशी येऊन म्हणाला, "ताईंनी मैदान मारलं. च्यायला, तुमच्याऐवजी त्यांनाच उभं करायला हवं होतं."

गाडीत मामा पुढे बसला होता आणि पूर्ण मागे वळून बोलत होता. "ताई, उद्यापासून रोज यायचं. तो मोज्यांचा डायलॉग रोज." ताई म्हणाली, "उद्यापासून नाही." "का हो?" "पाय सुजतात." मामाने हसून सोडून दिलं, त्याला वाटलं ही भाव खातेय, चौकात उतरला. आम्ही दोघं मागच्या सीटवर. मधे उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा. उजेड अजून होता, दुकानांची शटरं उघडी होती, एका दुकानावर माझा चेहरा लावला होता, एक कान लहान. मी वाट बघत होतो की ती रडेल किंवा ओरडेल. कंपनी बुडताना संचालक यातलं काहीतरी एक करतातच, आणि दोन्हींना काय म्हणायचं ते मला येतं. ताई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अक्षर चांगलं काढलंस." मी म्हटलं, ताई, त्या फॉर्मचं असं असतं की आधीच्या नोंदींशी... "कुणी सांगितलं तुला तो शब्द? निरंक?" "कारकूनबाईने." "हं." सिग्नलला गाडी थांबली. "तुझ्यासाठी मी आयुष्यात दोनदा खोटं बोलले. आज दुसरी वेळ. तिसरी येणार नाही." ड्रायव्हरने आरशात बघितलं. पहिली वेळ कोणती, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं. तेवढ्यात तिने ड्रायव्हरला भाजीवाल्यापाशी थांबायला सांगितलं, उतरली, पर्स काखेत मारली, आणि मी काचेतून बघत राहिलो. ती टोमॅटो दाबून बघत होती आणि नको ते बाजूला ठेवत होती. मला वाटलं, परत गाडीत बसेल. भाजीवाल्याने पिशवी दिली आणि ती चालत निघाली. ड्रायव्हर म्हणाला, "थांबू का साहेब?" मी म्हटलं, चल, उशीर होतोय. कशाला उशीर होत होता ते मला आजही सांगता येणार नाही.

मी निवडून आलो. हरणारी जागा होती, पण लाद्यांच्या व्यापाऱ्याला मोज्यांवर उत्तर सुचलं नाही. वर्तमानपत्राने लिहिलं, अर्थतज्ज्ञाच्या मुद्देसूद प्रचाराचा विजय. मामा आता मला टक्के म्हणत नाही, साहेब म्हणतो, आणि खिडकीकडे तोंड करून काय म्हणतो ते मला ऐकू येत नाही. सभागृहात माझी खुर्ची डावीकडून अकरावी आहे. तिथे बसून मी सगळ्यांना अक्षरं देतो. वर्षभरात बी अधिकच्या वर एकही सापडला नाही. पाण्याचा आराखडा मांडला त्या दिवशी मी समोर बघितलं. चौदा जण घड्याळ बघत होते.

मतमोजणीनंतर चौथ्या दिवशी ताईने घर सोडलं. भांडण झालं नाही. दोन रस्ते सोडून तिची एक मैत्रीण राहते, निवृत्त नर्स. तिच्याकडे एक खोली रिकामी होती. बायकोने सुट्टी घेऊन सामान बांधायला मदत केली. मी दारात उभा होतो. म्हटलं, ताई, हे काय वय आहे का असं वेगळं राहायचं? ती खोक्याला दोरी बांधत होती. म्हणाली, "बोट ठेव इथे." मी गाठीवर बोट ठेवलं. तिने गाठ मारली. "काढ." बायको खोकं उचलून माझ्या अंगावरून गेली, मला सरकायला न सांगता. मोजे मला अजून सापडत नाहीत. ताई आठवड्यातून एकदा बायकोच्या दवाखान्यात जाते, तिथे दोघी हसतात, असं तिथली मदतनीस मुलगी सांगते. घरी येत नाही. मला भेटल्यावर विचारते, "बरा आहेस ना?" तिसऱ्या मजल्यावर साखळीमागून विचारतात तितपत.

निवडून आलेल्यांना प्रतिज्ञापत्र दरवर्षी नव्याने द्यावं लागतं. परवा गेलो होतो. तीच खिडकी, तीच बाई, अंगठ्यावर टोपी. मी सहाव्या रकान्यात कुणी न सांगता निरंक लिहिलं होतं. आता ते खरं आहे. तिने शिक्का मारला. "शिकलात," म्हणाली.

बाबा गेले त्या सकाळी माझा निकाल लागला होता. मी नापास झालो होतो. ताईने त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, पास झाला.